रश्शात काय आहे?

नाम्बा स्टेशनाबाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि मावशी एका काचेच्या कपाटासमोर उभी होती. कपाटात सात-आठ वाडगे मांडलेले. एकात जाड पांढऱ्या शेवया आणि वर तळलेल्या टोफूचा तांबूस चौकोन. दुसऱ्यात कांद्याची पात. तिसऱ्यात अर्धं कापलेलं अंडं, त्याचा बलक इतका ओलसर की आत्ता ओघळेल असं वाटावं.

"हे सगळं खोटं आहे ना?" मावशीने विचारलं.

मी हो म्हटलं. ती आणखी वाकली. "अगं, पण पातीला सुरीची कड दिसतेय बघ."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता 'परक्या गावातली भूक'. ज्या गावाची भाषा येत नाही, लिपी वाचता येत नाही, तिथे माणूस जेवतो कसा, हे जाऊन बघायचं होतं. ओसाका निवडायला दोन कारणं होती. मावशीचा मुलगा बारा वर्षं तिथे नोकरी करतो. आणि ओसाकाची ख्यातीच खाण्याची आहे. क्योतोची माणसं कपड्यांपायी बुडतात आणि ओसाकाची खाण्यापायी, अशी जपानीत म्हण आहे. खाऊन-खाऊन दिवाळं निघण्याला तिकडे 'कुइदाओरे' म्हणतात आणि ओसाकाकर हा शब्द अभिमानाने मिरवतात.

मावशी सत्तरीची, जन्मभर शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणारी. भाऊ दिवसभर कामावर असणार होता, म्हणजे दुपारची जेवणं आम्हा दोघींना आपल्या हिमतीवर मिळवायची होती. पहिल्याच रात्री तो म्हणाला, "ताई, भाषा येत नाही म्हणून इथे कुणी उपाशी राहत नाही. फक्त आईसाठी रश्शाचं विचारून घेत जा." पहिलं वाक्य आम्ही लक्षात ठेवलं.

दारातली ताटं

दुकानाच्या दारात मांडलेले हे खोटे पदार्थ जपानभर दिसतात, पण त्यांचा धंदा मोठा झाला तो ओसाकात. गिफु प्रांतातल्या गुजो हाचिमान गावचे इवासाकी ताकिझो यांनी १९३२ साली इथे मेणाचे नमुने विकायला सुरुवात केली. त्यांचा पहिला नावाजलेला नमुना ऑम्लेटचा होता. त्या काळात शहरांतल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मोठी भोजनगृहं निघाली होती आणि तिथे ऑम्लेट, कटलेट, करी-भात असे पाश्चात्त्य वळणाचे पदार्थ मिळायचे. गिऱ्हाईक जपानीच, पण पदार्थ त्याला परका. नाव वाचून त्याला बोध होत नव्हता, म्हणून पदार्थच दारात मांडला गेला. म्हणजे ही सोय आपल्यासारख्या परदेशी पाहुण्यांसाठी झालेली नाही. आपल्याच शहरात परक्या ताटासमोर बसलेल्या माणसासाठी ती झाली, आणि पुढे आपल्या कामी आली.

चांगला नमुना त्या-त्या दुकानाच्या खऱ्या पदार्थावरून साचा काढून बनवतात. पूर्वी मेण वापरत, आता प्लास्टिक. त्यामुळे वाडग्याचा आकार, शेवयांचं प्रमाण, टोफूचा तुकडा केवढा, हे सगळं जे दारात दिसतं तेच आत मिळतं. नुसत्या फोटोपेक्षा हा करार पक्का आहे, असं माझं मत झालं.

हे नमुने विकत मिळतात ती गल्ली नाम्बाजवळच आहे, सेन्निचिमाए दोगुयासुजी. छप्पर घातलेली ही अरुंद गल्ली पूर्णपणे खानावळवाल्यांसाठी आहे. पुण्याच्या तांबट आळीत शिरल्यावर जसा भांड्यांचा खणखणाट अंगावर येतो, तशी इथे वस्तूंची गर्दी अंगावर येते. ताकोयाकी म्हणजे पिठाचे छोटे गोळे भाजायचे खळग्यांचे बिडाचे तवे (आपल्या आप्पेपात्राचे चुलतभाऊच), दारावर टांगायचे कापडी पडदे, कागदी कंदील, सुऱ्या. उद्या कुणाला दुकान काढायचं असेल तर या एका गल्लीतून सगळा संसार मिळेल. दारावरच्या त्या पडद्याला 'नोरेन' म्हणतात. तो बाहेर लटकत असेल तर दुकान उघडं आहे. आत घेतलेला असेल तर बंद. वाचता न येणाऱ्यालाही एवढं कळतं.

तिकीट आणि गल्ला

दुसऱ्या दिवशी आम्ही अशा दुकानात शिरलो जिथे दाराशीच एक यंत्र होतं. आधी पैसे टाकायचे, मग पदार्थाचं बटण दाबायचं, मग खाली छोटं तिकीट आणि सुटे पैसे पडतात. तिकीट आतल्या माणसाच्या हाती दिलं की आपलं बोलणं संपलं. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण बहुधा त्या दुकानाच्या मुख्य पदार्थाचं असतं, हे भावाने सांगून ठेवलं होतं.

हे यंत्र मी बराच वेळ पाहत राहिले, कारण त्यातच या छोट्या दुकानांचं गणित दडलेलं आहे. आत जेमतेम नऊ खुर्च्या, सगळ्या एका लांब फळीसमोर. फळीपलीकडे एक माणूस, मदतीला एक बाई. शेवया उकडणाऱ्या हाताने पैसे मोजावे लागत नाहीत, हिशेब चुकत नाही, खाऊन झाल्यावर बिलासाठी कुणी खोळंबत नाही. आमच्या शेजारचा कचेरीतला गृहस्थ आला, फुरके मारत जेवला, वाडगा उचलून फळीच्या वरच्या कठड्यावर ठेवला, "गोचिसोसामा", म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणाला आणि निघाला. पंधरा मिनिटंही झाली नसतील. त्याला कुणी घाई केली नाही. पण बाहेर तिघं उभे आहेत हे त्याला ठाऊक होतं.

टिप ठेवायची नाही. मावशीने शंभर येनचं नाणं फळीवर सोडलं तर ती बाई छत्री न घेता पावसात आमच्यामागे धावत आली. नाणं दोन्ही हातांनी परत केलं आणि वाकून आत गेली. मावशीला फार ओशाळं वाटलं.

एका गोष्टीवरून मात्र पाहुण्यांचा नेहमी गैरसमज होतो. संध्याकाळी मद्यपानाच्या जागी, म्हणजे 'इझाकाया'त बसलं, की न मागता एक छोटी वाटी समोर येते. कधी उकडलेली भाजी, कधी मासळीचा तुकडा. तोक्योकडे तिला 'ओतोशी' म्हणतात, ओसाकाकडे 'त्सुकिदाशी'. तिचे पैसे बिलात लागतात. फसवलं, असं वाटून भांडणारे पर्यटक मी स्वतः पाहिले. खरं तर ते बसायच्या जागेचं भाडं आहे, सोबत चार घास येतात इतकंच. हे दारावर लिहिलेलं असायला हवं, आणि पुष्कळ ठिकाणी ते नसतं, ही त्या पाहुण्यांची तक्रार रास्त आहे.

फिरणारा पट्टा

पट्ट्यावरून फिरत येणारी सुशी आज जगभर पोचली आहे. तिचा जन्म ओसाकाला चिकटून असलेल्या हिगाशी-ओसाकाचा, १९५८ सालचा. तो भाग लहान-लहान कारखान्यांचा. तिथे शिराइशी योशिआकि यांचं उभ्याने खायचं स्वस्त सुशीचं दुकान होतं. गिऱ्हाईक कामगार, गर्दी भरपूर, आणि वाढायला माणसं मिळेनात. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना कल्पना सुचली. सरळ रेषेत पट्टा सरकवणं सोपं, कोपऱ्यावर ताटल्या वळवणं अवघड. त्यात त्यांची काही वर्षं गेली. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात लाखो लोकांनी हा पट्टा पाहिला आणि मग तो देशभर पसरला. त्याच १९५८ साली, ओसाकाजवळच्याच इकेदा गावात आंदो मोमोफुकु यांनी झटपट शिजणाऱ्या शेवया बाजारात आणल्या. कमी पैशांत, कमी वेळात, कमी हातांनी माणसाला पोटभर खाऊ घालायचं कसं, या एकाच प्रश्नाला एका शहराच्या परिसराने एका वर्षात दिलेली ही दोन उत्तरं आहेत.

आम्ही गेलो त्या दुकानात पट्टा होता, पण त्यावर मोकळ्या फिरणाऱ्या ताटल्या थोड्याच होत्या. २०२३ च्या जानेवारीत एका मुलाचं अशाच एका दुकानात सोयासॉसची बाटली चाटतानाचं चित्रीकरण पसरलं आणि जपानभर खळबळ उडाली. त्यानंतर पुष्कळ दुकानांनी मोकळी सुशी फिरवणं बंद केलं किंवा कमी केलं. आता समोरच्या पडद्यावर बोट टेकवायचं, की आपली ताटली सुसाट येऊन आपल्यापुढेच थांबते. पडद्यावर इंग्रजी आहे, चित्रं आहेत. काम झटपट होतं. पण समोरून जाणारी ताटली पाहून, नाव माहीत नसताना हात पुढे करायचा, ती मजा गेली. परक्या माणसासाठी तीच खरी मोलाची होती.

मावशीने काकडीची सुशी घेतली, तांदळाला दाद दिली, आणि गोडसर टोफूच्या पिशवीत भरलेल्या भाताच्या दोन ताटल्या संपवल्या. त्याला 'इनारी' म्हणतात. टोफू आहे म्हणजे आपलंच आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

कोबीच्या पानाचा चमचा

दोतोम्बोरी सगळ्यांनी चित्रात पाहिलेली असते. १६१५ साली पुरा झालेला कालवा, काठावर १९३५ पासून धावत असलेला, ग्लिको कंपनीच्या जाहिरातीतला खेळाडू, १९६० च्या दशकापासून पाय हलवणारा प्रचंड खेकडा. रात्री तिथे चालायला जागा नसते. मी तिथे फार रमले नाही.

शिनसेकाई मला जास्त आवडलं. त्सुतेनकाकु मनोऱ्याच्या पायथ्याची ही जुनी श्रमिक वस्ती. इथे काडीला टोचून तळलेले तुकडे मिळतात, कुशिकात्सु. मांस, कोळंबी, पण कमळकाकडी, वांगं, कांदा, शतावरीसुद्धा. पूर्वी फळीवर सगळ्यांत मिळून सॉसचं एक भांडं असायचं आणि नियम एकच. काडी एकदाच बुडवायची. उष्टी काडी पुन्हा सॉसमध्ये नाही. आपल्याकडच्या उष्ट्या-खरकट्याच्या विचाराला हे इतकं जवळचं होतं की मावशीला नियम सांगताच पटलं. सॉस कमी पडला तर? फळीवर फुकट ठेवलेल्या कोबीच्या पानाने उचलून वर घालायचा. कोरोनानंतर पुष्कळ दुकानांत भांड्याच्या जागी बाटल्या आल्या, नियमाच्या पाट्या मात्र अजून भिंतीवर आहेत.

काचेत जे दिसत नाही

चौथ्या दिवशी रात्री भाऊ आमच्यासोबत जेवायला आला. आम्ही चार दिवसांचे पराक्रम सांगत होतो. पहिल्या दिवसाचा टोफूवाला उदोन (त्या जाड पांढऱ्या शेवया), तिसऱ्या दिवशीची भाज्यांची वाटी, ओकोनोमियाकी (कोबीचं जाड धिरडंच ते) मांस न घालता मागितलेलं. भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "आई, रश्शाचं विचारलं होतंस?"

विचारलं नव्हतं.

त्या रश्शाला 'दाशी' म्हणतात. ओसाकाची पद्धत अशी. कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळाचा जाड सुका पट्टा पाण्यात बराच वेळ भिजवतात. मंद आंचेवर तापवतात आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढतात, नाहीतर रस्सा कडवट होतो. मग त्यात कात्सुओबुशी पडते. कात्सुओ हा आपल्या कुप्प्याच्या कुळातला मासा. तो उकडून, धुरी देऊन, महिनोन्महिने वाळवतात, चांगल्या प्रतीला बुरशीही चढवतात. शेवटी त्याचा लाकडासारखा ठोकळा होतो आणि तो रंध्यासारख्या पात्यावर किसतात. हा किस गरम पाण्यात पडतो, क्षणभर थांबतो, बुडतो, की गाळून घेतात. उरतं ते फिकट सोनेरी, जवळपास पाण्यासारखं दिसणारं काहीतरी. कोकणात सोड्यांचं किंवा सुकटीचं कालवण घराबाहेरूनही ओळखू येतं. इथे माशाचा वासही नाकाला जाणवत नाही. म्हणून तर तो कळत नाही.

या चवीमागचं शास्त्र जपान्यांनीच शोधलं. इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये कोम्बुमधलं ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य कोदामा शिंतारो यांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनेट ओळखलं. हे दोन पदार्थ एकत्र आले की चव नुसती दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढते. शेकडो वर्षं स्वयंपाकघरात कोम्बु आणि मासा एकत्र पडत होते ते उगाच नाही.

आणि ओसाकाचा रस्सा असा का, याचं उत्तर समुद्रात आहे. कोम्बु उगवतं उत्तरेला होक्काइदोच्या थंड पाण्यात. जुन्या काळी व्यापारी गलबतं ते भरून जपानच्या पश्चिम किनाऱ्याने खाली येत, वळसा घालून आतल्या समुद्रातून ओसाकाला पोचत. देशभरचा तांदूळही इथेच येई, म्हणून ओसाकाला 'देशाचं स्वयंपाकघर' म्हणत. चांगलं कोम्बु इथे उतरलं, म्हणून इथला रस्सा फिका आणि खोल. तोक्योकडचा उदोन गडद सोयासॉसने काळा होतो. हा फरक आजही इतका पक्का आहे की निस्सिन कंपनी आपला 'दोनबेइ' हा कपातला उदोन पूर्वेला आणि पश्चिमेला वेगवेगळ्या रश्शाचा विकते आणि झाकणावर तशी छोटी खूण असते.

टोफूवाला तो उदोनही ओसाकाचाच. 'कित्सुने उदोन', म्हणजे कोल्ह्याचा उदोन. इनारी देवाच्या कोल्ह्याला तळलेला टोफू प्रिय, म्हणून हे नाव. १८९३ पासून चालू असलेल्या मात्सुबाया या दुकानाकडे त्याचा मान जातो. तिथे गोड टोफू वेगळ्या ताटलीत देत, गिऱ्हाइकं तो वाडग्यात टाकून खाऊ लागली, आणि पदार्थ तयार झाला. दिसायला संपूर्ण शाकाहारी. पण शेवयांचा रस्सा माशाचा, आणि टोफू शिजवतात तोही बहुधा दाशीतच. इनारी सुशीचं तेच. ओकोनोमियाकीच्या पिठात दाशी. मिसो सूपमध्ये दाशी. उकडलेल्या भाजीत दाशी. सोबाच्या शेवया बुडवायच्या वाटीत दाशी.

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. तिचा चेहरा पाहून मला स्वतःचा राग आला, कारण सूचना मला मिळाली होती. शेवटी तीच म्हणाली, "त्यांनी लपवलं नाही गं. आपण विचारलं नाही."

माझंही मत हेच आहे. त्या दुकानदारांच्या लेखी दाशी हा पदार्थ नाहीच, ते पाणी आहे. आपल्याकडे कुणी "यात मोहरी आहे का?" असं विचारत नाही, फोडणी धरलेलीच असते, तसं ते आहे. त्यात शब्दांचा घोटाळा वेगळाच. "निकु नको" म्हणजे मांस नको, असं सांगितलं तर मासा चालतो असंच समोरचा समजतो, आणि कधी-कधी हॅमही. त्याच्या भाषेत त्याने आपलं म्हणणं तंतोतंत पाळलेलं असतं.

महाराष्ट्रातून जपानला जाणाऱ्या सहलींसोबत बहुतेक वेळा रोज भारतीय जेवणाची हमी असते. बसमध्ये थेपले, लाडू, चिवडा. वयस्क शाकाहारी माणसासाठी ती गरज खरी आहे, तिला हसण्याचं कारण नाही. पण आठ दिवस जपानात राहून जपानचं एकही ताट न पाहता परतणं हे नुकसान आहे, आणि ते टाळता येतं.

डोंगरावरचं जेवण

पुढच्या शनिवारी भाऊ आम्हाला कोयासानला घेऊन गेला. नाम्बाहून नानकाई रेल्वे, शेवटी डोंगर चढणारी केबल कार. कुकाई या भिक्षूने ८१६ साली ही जागा साधनेसाठी मिळवली. आज तिथल्या पन्नासहून अधिक मंदिरांत मुक्काम करता येतो. जपानी देवदार वृक्षांखालच्या थडग्यांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली दिसतात. इथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. मावशी त्याच्यासमोर हात जोडून बराच वेळ उभी राहिली.

मंदिरातल्या जेवणाला 'शोजिन र्‍योरी' म्हणतात. 'शोजिन' हा शब्द बौद्ध ग्रंथांतल्या संस्कृत 'वीर्य' शब्दाचा चिनीमार्गे आलेला अनुवाद. साधनेतला निश्चयी प्रयत्न, असा त्याचा अर्थ. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूण आणि त्यांच्या कुळातलं काहीही नाही. भाऊ हे सांगत होता आणि मावशी म्हणाली, "म्हणजे चातुर्मासच की!"

संध्याकाळी सहा वाजता खोलीत लाखेचे लाल चौरंग आले. छोट्या-छोट्या वाट्या. तिळाचं 'गोमा-दोफु', म्हणजे वाटलेले तीळ कुद्झु कंदाच्या पिठात घोटून थापलेली मऊ वडी. रश्शात फुललेला कोयादोफु, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेला, स्पंजासारखा टोफू. भाज्यांची भजी, लोणचं, भात. आणि एक झाकणाची वाटी, आत रस्सा.

मावशीने झाकण उघडलं आणि वाढणाऱ्या तरुण भिक्षूला थांबवलं. भावाने लिहून दिलेली चिठ्ठी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. त्याने ती वाचली, मान हलवली, आत गेला आणि मूठ उघडून दाखवली. एक काळपट कोम्बुचा तुकडा आणि दोन सुके शिताके आळंबे. रस्सा एवढ्याचाच होता. मावशीने वाटी तोंडाला लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.

जपानला जाणार असाल आणि मासे खात नसाल, तर ही चिठ्ठी कुणाकडून तरी जपानी लिपीत लिहून घ्या: "साकाना नो दाशी वा हाइत्ते इमासु का?" माशाची दाशी घातली आहे का, एवढाच तिचा अर्थ. ऑर्डर देण्याआधी, तिकिटाच्या यंत्रात पैसे टाकण्याआधी, ती दाखवा. 'हाइ' म्हणजे हो. तसं उत्तर आलं तर मान लववून बाहेर पडा. दुकानदार रागावत नाही. उलट, आमच्या अनुभवात दोघा दुकानदारांनी दारापर्यंत येऊन पलीकडच्या गल्लीतलं दुसरं दुकान दाखवून दिलं.